कुलूप लावून आलेला माणूस

तो दिवस आठवला की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जमावाचे दगड खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. हे प्रकरण तर गुन्ह्याचंही नव्हतं. कागदोपत्री 'अनोळखी इसम मिळून आला' एवढीच त्याची नोंद. पण त्या दिवसाची धावपळ अंगातून गेलेली नाही. यातल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी बेलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एप्रिलचं ऊन सकाळीच चटके देत होतं. हजेरी आटोपून मी रिमांडचे कागद चाळत बसलो होतो, तेवढ्यात खाडीकाठच्या दिवाळे गावची एक कोळीण आत आली. डोक्यावर मासळीची पाटी, आणि हातात एका म्हाताऱ्या गृहस्थाचं मनगट. चोर पकडून आणावा तसं तिने त्यांना माझ्यासमोर उभं केलं.

"सायब, या बाबाला ठेवा तुमच्याकडं. जेट्टीवर नुसता फेऱ्या मारतोय. पानी चढाया लागलंय. पाय घसरला तर गेला ना तो!"

"तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाय वो. काल सांजच्याला पन तिथंच होता. मला वाटलं, कोनाची वाट बगत आसंल. आज बगते तर हायच. माज्या पाटीतली निवटी उचलली न् तिला इंग्रजी नावानं हाका मारत बसला."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. त्याला कोणी इंग्रजीतून हाक मारत असेल, तर माणूस भ्रमिष्ट असणार, एवढाच अर्थ मी तेव्हा काढला. कोळीण पाटी सावरत बाजाराकडे निघून गेली.

गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. पँटीला इस्त्रीची घडी होती, पण गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. खिशात पाकीट नाही, कागद नाही. फक्त एक किल्ली. चौकशीचा आमचा साधा नियम असतो: पाणी द्यावं, बसवावं आणि आपली घाई दाखवू नये. त्यांनी पाणी घेतलं, पण बसायला तयार होईनात. दारापासून लॉकअपपर्यंत आणि लॉकअपपासून दारापर्यंत येरझाऱ्या चालू.

"काका, नाव काय आपलं?"

त्यांनी एक नाव सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर दुसरंच सांगितलं. पहिलं त्यांच्या थोरल्या भावाचं आणि दुसरं शाळेतल्या मास्तरांचं होतं, हे पुढे कळलं.

"राहता कुठे?"

"इथेच. जवळच. मला जाऊ द्या हो, ती एकटी आहे."

"ती कोण?"

"तिला उठता येत नाही. मी कुलूप लावून आलोय."

टाइपरायटरपाशी बसलेल्या शिपायाचे हात थांबले. आमचे हेड कॉन्स्टेबल साताऱ्याकडचे, नोकरीत मुरलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, म्हाताऱ्यानं कुनाला तरी कोंडून घातलंय. भांडान करून आलंय का काय, जरा दटावून बघा."

शंका मलाही आली होती. मी आवाज चढवला. "कुलूप का लावलंत?"

"तीच म्हणाली. दार उघडं टाकून जाऊ नका म्हणाली. गोळ्या आणायच्या होत्या तिच्या." त्यांनी खिशात हात घातला, चिठ्ठी शोधली, मिळाली नाही, पुन्हा शोधली. मग परत, "मला जाऊ द्या हो."

खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. आपलं पटतंय का, हे त्याला जोखायचं असतं. हे गृहस्थ माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर सारखी दाराकडे. हेड कॉन्स्टेबल तेवढ्यात खाली वाकून त्यांचे पाय बघत होते. टाचा फुटलेल्या, अंगठ्याला फोड. ते हळूच म्हणाले, "साहेब, ह्या मानसानं काल रात भाईर काढलीया."

कोळीणही हेच सांगत होती. म्हणजे उठता न येणारी एक बाई कालपासून, त्या उकाड्यात, कुलपाआड होती. कुठे, ते ठाऊक नाही. आमच्याजवळ एक किल्ली होती आणि तिच्यावर नंबरसुद्धा नव्हता.

नियंत्रण कक्षाला बिनतारी संदेश दिला. आजूबाजूच्या ठाण्यांत हरवल्याची तक्रार आहे का, ते विचारलं. कुठेच नव्हती. असणार कशी? तक्रार करणारी तर दाराच्या आत होती.

त्यांना जीपमध्ये घालून निघालो. त्या काळी नेरूळ-बेलापुरात सेक्टर भराभर उभे राहत होते, माणसं मात्र सावकाश राहायला येत होती. एकाच साच्यातून काढल्यासारख्या इमारती. तोच पिवळा रंग, तोच जिना, त्याच खिडक्या. गृहस्थ प्रत्येक वळणावर जीपबाहेर वाकून म्हणायचे, "हीच." आम्ही उतरायचो, जिने चढायचो. दार ओळखीचं वाटलं की ते किल्ली मागायचे. एका दाराला किल्ली लावली, तर आतून एक बाई कडाडल्या, "अहो, काय चाललंय? पोलीस आहात ना तुम्ही?" तिथले सेक्रेटरी धावत आले. "साहेब, आधी सांगायचं ना. सोसायटीत लोकांना टेन्शन येतं." मी माफी मागितली, पुढची इमारत गाठली. तिथेही नाही. ऊन डोक्यावर आलं तरी पाणी प्यावंसं वाटेना. आत अडकलेल्या बाईंना ते मिळालं असेल का, हाच विचार.

वैतागून मी म्हणालो, "काका, काहीतरी आठवा. नोकरी कुठे होती?"

ते माझ्यावरच चिडले. "पुस्तक आहे ना माझं! बघून घ्या. छापलंय."

"कशावर?"

त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. मग हाताने मासा उडी मारतो तसं करून दाखवलं.

कोळीण म्हणाली होती ते हेच. आणि पुस्तकावर लेखकाचं नाव असतं. मी ड्रायव्हरला नेरूळमधल्या एका कॉलेजकडे जीप वळवायला सांगितली. रॅगिंगच्या तक्रारीसाठी मी तिथे गेलो होतो तेव्हा प्राचार्यांनी मोठ्या कौतुकाने ग्रंथालयातला नवा संगणक दाखवला होता. टेलिफोनच्या तारेवरून तो मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडत असे.

ग्रंथपाल बाईंना थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांनी एकही फालतू प्रश्न न विचारता खुर्ची ओढली. मोडेमने किरकिर केली, लाईन लागली, तुटली, पुन्हा लागली. मी ऐकलं तसं लिहून घेतलेलं नाव पुढे केलं. उत्तर आलं, शून्य.

"हे कानाने लिहिलंय, साहेब. कॅटलॉगला कान नसतात. एक अक्षर चुकलं तरी तो नाही म्हणतो." त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. तिथे हेड कॉन्स्टेबल त्या गृहस्थांच्या जोडीने फेऱ्या मारत होते. बाईंनी त्यांच्याकडून नाव पुन्हा वदवून घेतलं, प्राणिशास्त्राचा कोश उघडला, खरं स्पेलिंग शोधलं आणि घातलं. आता नोंदी आल्या, पण पडदाभर. जपान, मलाया, आफ्रिका.

"सगळ्या वाचू या," मी म्हणालो.

"संध्याकाळ होईल. मासा सगळ्यांचाच आहे. यांच्या कामात वेगळं काय आहे, ते सांगा. कुठल्या पाण्यावर काम केलं असेल?"

"इथल्याच. ठाण्याच्या खाडीवर."

त्यांनी माशाच्या नावाला ठाणे जोडलं. शून्य. मुंबई जोडलं. एक-दोन नोंदी आल्या, त्याही अगदी अलीकडच्या, कोणा तरुण संशोधकांच्या. मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो. शहराचं नाव बदलून थोडीच वर्षं झाली होती. म्हणजे जुन्या पुस्तकावर बॉम्बे असणार. बाईंनी ते घातलं, तर मुंबईत छापलेलं प्रत्येक पुस्तक त्यात मोजलं जाऊन पुन्हा मोठी यादी.

आणि मग मला आमच्या मुद्देमालाच्या खोलीतले जुने शिक्के आठवले. त्यांवर जिल्ह्याचं नाव इंग्रजीत आजच्यासारखं नव्हतं. शेवटी E नाही, A होतं. नोकरीला लागलो तेव्हा कितीतरी दोषारोपपत्रांवर मी ते वाचलं होतं.

"मॅडम, ठाण्याचं जुनं स्पेलिंग घाला. ठाणा."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर. पण कोणी तसं लिहिलं असेल, कोणी असं. शेवटचं अक्षर टाकतेच कशाला? त्याच्या जागी चांदणीची खूण ठेवते, म्हणजे तिथे कोणतंही अक्षर चालेल आणि दोन्ही सापडतील. आणि पुढे खाडी जोडते."

पडद्यावर मोजक्याच नोंदी उरल्या. त्यांत पुस्तक एकच. मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने काढलेलं, लेखक दोघे.

दोघांपैकी आमचे कोणते? मी व्हरांड्यात गेलो आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं. त्यांचे पाय थांबले नाहीत. दुसरं वाचलं. ते एकदम वळले.

"तो माझा विद्यार्थी. हुशार आहे, पण आळशी."

म्हणजे पहिलं नाव यांचं. स्वतःचं नाव ऐकून जो माणूस थांबला नाही, तो विद्यार्थ्याच्या नावाला थांबला.

ग्रंथालयातूनच त्या कॉलेजला फोन लावला. कार्यालयातल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, "निवृत्त लोकांचे पत्ते आम्ही फोनवर देत नाही. अर्ज पाठवा."

"अर्ज पाठवतो. पण तोपर्यंत त्यांच्या पत्नी कुलपाआड मरतील."

पलीकडचा आवाज पार बदलला. "वहिनी? काय झालं वहिनींना? आम्ही सगळे जेवलोय त्यांच्या हातचं. थांबा साहेब, लाईन तोडू नका."

पत्ता नेरूळचाच निघाला. सकाळी आम्ही त्याच्या पलीकडच्याच गल्लीत होतो.

इमारत अर्धीअधिक रिकामी होती. समोरच्या घरात वायरी लोंबत होत्या, खालच्या मजल्यावर राहायला कोणी आलेलंच नव्हतं. किल्ली फिरली. बाई पलंग आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये जमिनीवर पडल्या होत्या. अंगाची एक बाजू लुळी. पाण्यासाठी सरपटत निघाल्या असणार. हातात एक स्टीलची वाटी होती आणि तिच्या काठाने फरशीवर ओरखडे उठले होते. वाजवून वाजवून त्या दमल्या होत्या, ऐकायला कोणी नव्हतं. मी नाडी बघायला वाकलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"हे कुठे आहेत?"

"खाली गाडीत आहेत. सुखरूप आहेत."

हेड कॉन्स्टेबलनी आपला रुमाल भिजवून त्यांच्या ओठांना लावला.

संध्याकाळपर्यंत सलाईनने त्यांना बरीच हुशारी आली. जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो. यजमानांचा विसराळूपणा वर्षभर वाढत होता, म्हणाल्या. मुलगी नागपूरला, तिच्यापासून त्यांनी लपवलं होतं. "तिने आम्हाला वेगवेगळं ठेवलं असतं," असं कारण दिलं. मग विचारलं, "यांनी स्वतःचं नाव सांगितलं का तुम्हाला?"

"नाही."

"माझं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, बाई. नाव नाही घेतलं. पण दिवसभर तुमच्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दल धड बोललेही नाहीत."

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाल्या, "जेवायला घातलंत का त्यांना?"

घातलं होतं. ते बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. त्यांना आत आणलं, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा ते आपणहून खाली बसले.

मुलगी आली, दोघांना घेऊन गेली. एकत्र ठेवीन, असं तिने आईला माझ्यासमोर कबूल केलं. पुढचं मला ठाऊक नाही. पोलिसाच्या वाट्याला गोष्टीचा मधलाच तुकडा येतो.

या प्रकरणाने मला शोधायला शिकवलं. तोवर मी समजत होतो की शोध म्हणजे पाय आणि चिकाटी. पण आपण आपले शब्द घेऊन निघतो, आणि जे शोधायचं असतं ते दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांत, जुन्या नावाखाली, पडून असतं. हे जसं पुस्तकांचं, तसंच माणसांचं. हरवलेल्याच्या तक्रारीत आम्ही उंची लिहितो, वर्ण लिहितो, अंगावरचे कपडे लिहितो. त्यावरून माणूस ओळखता येतो. शोधता येतोच असं नाही. त्यानंतर माझ्याकडे अशी तक्रार आली की मी नातेवाइकांना एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो: ते सारखं कशाबद्दल बोलायचे?

पुष्कळांना उत्तर देता येत नसे. एकदा एक तरुण वडील हरवले म्हणून आला. उंची, वर्ण, शर्टाचा रंग, सगळं धडाधड सांगितलं. मी हा प्रश्न विचारला. तो खुर्चीतून उठत म्हणाला, "साहेब, आईला विचारून सांगतो."

"जा, विचारून ये," मी म्हणालो आणि टोपी उचलली. "तोवर आम्ही शोधायला निघतो."