चार बोटं आकडी

प्रियदर्शनीला ‘तुझी स्टिक अशी जोडाची का गं?’ एवढं विचारायचा अवकाश, विचारणाऱ्याचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या दुकानात ती काउंटरला असते. गिऱ्हाईक येतं अर्धा डझन नॅपकिन घ्यायला आणि जाताना हॉकी शिकून जातं. मालक आबासाहेब कपाळावर हात मारून घेतात. पण पोरगी हिशेबाला चोख, बोलायला गोड, म्हणून गप्प बसतात.

आधी एक सांगितलेलं बरं, नाहीतर घोटाळा व्हायचा. ही गवतावरची हॉकी नव्हे. पायात एका ओळीत चाकं लावलेले स्केट्स, खाली सिमेंटचं गुळगुळीत मैदान, आणि चेंडूच्या जागी प्लॅस्टिकची चकती, जिला पक म्हणतात. यातल्या स्टिका दोन तऱ्हेच्या. एक अख्खी, वरपासून खालपर्यंत एकसंध आणि हलकी. दुसरी दोन भागांची. वर पोकळ दांडा आणि खाली लाकडी पातं. पात्याचं शेपूट दांड्याच्या पोकळीत सरकवायचं आणि गरम ग्लूनं चिकटवायचं. पातं मोडलं की सांधा तापवून ते उपसून काढायचं, नवं बसवायचं. दांडा मात्र तोच राहतो.

सगळ्या पोरी अख्खीवर गेल्या, ही बया काही जोडाची सोडेना.

“अख्खी मोडली की अख्खीच गेली,” ती म्हणायची. “मग नवी आणा, तिच्याशी पहिल्यापासून ओळख करा. माझा दांडा मला ओळखतो की. पातं बदललं तर बदलू दे, धरायची जागा तीच हाय ना! आन् लाकडी पात्यावर पक आला की असा हातावर आल्यागत कळतो.”

तिचे कोच हरिदास सर हे शांत गृहस्थ. मुलांना शिकवून शिकवून आवाज बसलेला, पण डोकं थंड. ते म्हणायचे, “अगं, अख्खी हलकी असते. सांधा नाही, त्यामुळे फटक्याचा जोर कुठं वाया जात नाही. आजकाल सगळे तीच वापरतात.”

“जाऊ द्या की सर त्यांचा जोरात. माझा मी म्हणीन तितं जातो.”

सर हसायचे आणि सोडून द्यायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हिचंही नव्हतं. हाताहातातला फरक असतो, तो कुणी कुणाला पटवून द्यायचा?

हे जोडाचं वेड तिच्यात आलं कुठून, ते बघायला होटगी रोडला तिच्या घरी जायला हवं. दोन खोल्यांचं घर. दाराआड एक आकडी उभी आहे. माणसाच्या दीडपट उंच भरीव बांबू आणि त्याच्या टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. तिचे वडील बिभीषण हे मंगळवेढ्याकडचे धनगर. बाभळीची डहाळी या आकडीनं खाली ओढायची, शेंगा पाडायच्या, मेंढरांनी मिटक्या मारत खायच्या, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग गावाकडची चराऊ रानं एकेक करून तारांच्या कुंपणात गेली. मेंढरं विकली, टेम्पो घेतला, बिऱ्हाड सोलापुरात आलं. सोबत आली ती आकडी.

आकडीची पाती किती झिजली आणि बदलली त्याला गणती नाही. दांडा मात्र पोरीच्या आजोबांनी, बिरप्पांनी दिलेला, तोच. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. प्रियदर्शनीनं लहानपणी एकदा ती खेळायला घेतली, तर बाप असा ओरडला की पोरगी दिवसभर शेजारच्या काशम्माच्या घरात लपून बसली. आई राजाबाई आजही झाडताना आकडीच्या भोवतीनं झाडते, तिला हलवत नाही. तर अशा घरातल्या पोरीला ‘दांडा टाकून दे आणि नवी अख्खी घे’ म्हणून सांगणार कोण?

या मे महिन्यात राज्याच्या महिला संघाची निवड सोलापुरातच ठरली. रविवारी सकाळी एक सामना, चारनंतर दुसरा, आणि संध्याकाळी नावं. प्रियदर्शनीचं याआधी दोनदा हुकलं होतं. एकदा ऐन वेळी ताप आला, एकदा शेवटच्या घटकेला नाव गळलं. आता तेविसावं लागलेलं. आबासाहेबांनी तर साफ बजावलं होतं, “या खेपेला झालं तर झालं. पुढच्या वर्षी सीझनमध्ये सुट्टी मागायची नाही.” म्हणजे जे काही व्हायचं ते याच रविवारी व्हायचं होतं.

आणि नेमकं शनिवारी बाईसाहेब स्टिक टेम्पोतच विसरल्या. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन काय चीज आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको. बंद केबिनमध्ये दुपारभर तापून आतला ग्लू पातळ झाला आणि पातं खुळखुळायला लागलं. संध्याकाळी स्टिक कोपऱ्यात ठेवता ठेवता ती म्हणाली, “जाऊ दे, सकाळी सरांकडं ग्लू लावून घेते,” आणि जेवून ढाराढूर झोपली.

बिभीषणनं ती खुळखुळ ऐकली. उद्या पोरीचा मोठा सामना, आणि हत्याराचं पातं ढिलं! कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की धनगर काय करतो? पाण्यात उभी करतो. लाकूड रातभर पाणी पितं, फुगतं आणि असं आवळून बसतं की पुढं कितीही घाव घाला, हलत नाही. बिभीषणनं पोरीची स्टिक पातं खाली करून भरल्या बादलीत उभी केली आणि समाधानानं अंग टाकलं. राजाबाईला म्हणाला सुद्धा, “दर्शीचं काम केलं बघ.”

सकाळी दर्शी उठली आणि न्हाणीत गेली ती किंचाळतच बाहेर आली. पात्याचे पातळ पातळ थर सुटले होते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं फुगलं होतं सगळं. आणि शेपूट दांड्यात असं रुतलेलं, की तिनं पायात धरून ओढलं तरी तसूभर सरकेना.

“कुणी सांगितलं होतं तुमाला? विचारायचं तरी होतं! मेंढरं तर घालवलीत, आता माझी हॉकीपण घालवा!”

बोलून गेली. राजाबाईची भाकरी तव्यावर करपली. बिभीषणनं बादली उचलली, पाणी मोरीत ओतलं, टेम्पोची किल्ली घेतली. “चल, उशीर व्हईल,” एवढंच म्हणाला.

मैदानावर सरांनी गरम हवा सोडणाऱ्या हीट गननं सांधा तापवला, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. छे! सर म्हणाले, “हे आता निघायचं नाही. शेपटाइतका दांडा कापावा लागेल, चार बोटं. माझ्या पेटीत एक जुनं लाकडी पातं आहे, ते बसेल. पण दांडा आखूड होईल, तुला वाकून खेळावं लागेल.”

चार बोटं आखूड म्हणजे तिच्यासाठी सगळंच गेलं. सरांनी क्लबची नवी कोरी अख्खी स्टिक तिच्या हातात दिली. ‘मी सांगत होतो ना’ असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

सकाळचा सामना कसा झाला ते न विचारलेलं बरं. स्टिक चांगलीच होती, उगाच तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पक पात्यावर आलाय की निसटलाय हेच पोरीला कळेना. जिथं हळूच सरकवायचा तिथं गोळीसारखा सुटायचा. समोर गोल उघडा असताना तिनं तो थेट कुंपणावर मारला. निवड करायला आलेल्या मॅडम सरांना विचारत होत्या, “ही तुमची मुलगी घाबरते का हो?” ते तिनं कानांनी ऐकलं.

दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. टेम्पो उभा होता ती जागा मोकळी होती. बाप निघून गेला होता. सकाळचं आपलंच बोलणं तिला आठवलं. हॉकी गेली ती गेलीच, वर बापाला मेंढरांवरून टोचून बसलो. कोणती लेक असं बोलते?

तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला. बिभीषण उतरला. एका हातात शेजारच्या वेल्डरकडून आणलेली करवत, दुसऱ्या हातात आकडी. तो तडक सरांकडं गेला, भिजकी स्टिक मागून घेतली, लेकीसमोर उकिडवा बसला. करवत दांड्यावर ठेवली आणि थांबला.

“कापू का, दर्शे?”

काल विचारलं नव्हतं. आज विचारत होता. तिनं मान डोलावली.

फुगलेल्या शेपटासकट चार बोटं दांडा निघाला. मग त्यानं आकडी आडवी घेतली आणि तिच्या बुडाकडच्या टोकावर करवत टेकवली.

“अप्पा! आकडी?” ती ओरडलीच. “आज्ज्याची हाय ती!”

“मग? तू बी आज्ज्याचीच हायेस की.”

आणि घातली करवत. आठ बोटं तुकडा सुटा झाला. आकडीच्याच पात्यानं त्यानं तो अर्ध्यापर्यंत चौकोनी तासला. थोडा तासायचा, दांड्याच्या वरच्या तोंडात घालून बघायचा, पुन्हा थोडा तासायचा. अर्धा तुकडा आत गेला, अर्धा बाहेर राहिला. बरोबर चार बोटं. शेंगा पाडताना त्याची मूठ जिथं बसायची तीच ही जागा. हात लागून लागून बांबू काळपट, तुकतुकीत झालेला.

“सर, आता तुमचा ग्लू,” बिभीषण म्हणाला. “आमच्यात पाणी लावत्यात. पर ते हितं चालत न्हाय, कालच कळलं.”

सरांना हसू आवरेना. त्यांनी वर बांबू पक्का केला, खाली जुनं लाकडी पातं बसवलं, आणि उन्हानं ग्लू पुन्हा पातळ होऊ नये म्हणून दोन्ही सांधे ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवले. टॉवेल अर्थातच भवानी पेठेतला.

चार वाजता ती उतरली. पहिलाच पक पात्यावर आला आणि तिला कळला. हातावर आल्यागत! मग काय, पोरीच्या अंगात आलं म्हणा ना. उजवीकडं हूल दिली, डावीकडनं निघाली, कोल्हापूरची उंचपुरी गोलकीपर पुढं आली तेव्हा हिनं घाई केली नाही. हळूच, भाकरी उलटावी तसं मनगट फिरवलं. पक गोलकीपरच्या पायांमधून जाळीत जाऊन बसला. बिभीषणला त्यातलं काही कळलं नाही. सगळे ओरडले तसा तोही ओरडला, आणि मेंढरं वळवताना घालायची तसली लांबलचक शीळ घातली. मॅडमनी दचकून मागं पाहिलं.

सामना संपल्यावर मॅडमनी तिची स्टिक हातात घेऊन उलटीपालटी केली. वरचा बांबू बोटानं चाचपला. “दोन भागांची वापरतेस?”

“दोनाची होती मॅडम. आजपासून तीन.”

संध्याकाळी नावं वाचली. तिचं शेवटून दुसरं आलं. तोवर पोरीचा जीव टांगणीला लागलेला. नाव ऐकलं आणि ती रडली, हसली, पुन्हा रडली. सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

दोघं टेम्पोनं घरी निघाले. सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, सकाळी मी लई वाईट बोलले.”

“खोटं काय बोललीस? गेली की मेंढरं.” सिग्नल सुटला, त्यानं गाडी पुढं काढली. “लई दिस वाटायचं, नुसती दाराआड हुबी करून काय उपेग तिचा. आज कामाला आली.”

तिला रडू फुटलं. बिभीषण समोर बघत टेम्पो चालवत राहिला, नाक मात्र त्यानंही ओढलं.

दारात टेम्पो थांबला. बाप उतरायच्या आत तिनं मागून आकडी काढली आणि खांद्यावर टाकली. राजाबाई दारात आली होती. ते बघून तिच्या मनात आलं, आता हा ओरडणार! प्रियदर्शनीनं आकडी दाराआड नीट उभी केली. पूर्वी टोक वरच्या वाशाला टेकायचं, आता मध्ये आठ बोटं जागा राहिली.

“हळू गं,” मागून बिभीषण म्हणाला. “पातं लागंल.”