पाठीमागून येणारा स्मॅश

बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीत पुढे, नेटजवळ उभ्या राहणाऱ्याला एक नियम पाळावाच लागतो, आणि तो कुठल्याही नियमावलीत छापलेला नाही. जोडीदार मागून स्मॅश मारत असेल तेव्हा वळून बघायचं नाही. मान सरळ, रॅकेट वर, नजर समोरच्या दोघांवर. शटल कानाजवळून सणसणत जातं, त्याचा वारा लागतो, आणि तरी आपण खांबासारखं उभं राहायचं. वळलं की आपलं तोंड शटलच्या वाटेत येतं.

मी वळलो होतो. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी खेळाचा एक हॉल आहे. जनतेच्या पैशातून बांधलेला. दारावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी, आत साड्यांचे सेल आणि साखरपुडे. उरलेल्या दिवसांत आम्ही खेळाडू, तेही निम्म्या दिव्यांत, कारण विजेचं बिल व्यवस्थापन समितीला परवडत नाही. साखरपुड्याला परवडतं. साखरपुड्याला सगळे दिवे लागतात, वर झुंबर भाड्याने येतं. यावर मी पत्रकं काढली, निवेदनं दिली, दारासमोर बसलो. गावात मला 'नेते' म्हणतात ते तेव्हापासून. प्रेमानं म्हणत नाहीत.

त्या संध्याकाळी कोर्टाची मागची बाजू अंधारात होती. माझा जोडीदार मागे. तो अकोले तालुक्याच्या डोंगरातला, भंडारदऱ्याच्याही वरच्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. डावखुरा. उंच नाही, पण उडी अशी मारतो की क्षणभर खाली यायचं विसरला की काय असं वाटावं. सकाळी आम्ही दोघं मुलांना खेळ शिकवतो, बाकीचा वेळ स्वतः खेळतो आणि बक्षिसाच्या स्पर्धा शोधत फिरतो. हाच आमचा पोटाचा धंदा. दोघांच्याही घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

समोरून शटल उंच आलं. मागे त्याच्या बुटांचा आवाज झाला नाही, की मला आला नाही, सांगता येत नाही. तो नक्की कुठे आहे हे मला कळेना म्हणून मी मान वळवली. शटल डोळ्यात बसलं.

नगरच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त उतरलंय. उशा लावून अर्धवट बसून राहायचं, हलायचं नाही. किती तरी दिवस मला जग विटकरी पाण्यातून दिसत होतं. मग पाणी निवळलं, नजर आली, फक्त एका कोपऱ्यात धुरकट डाग राहिला. दुसऱ्यांदा लागलं तर काय, असं आईनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदाचं मी सांगू शकत नाही.

आई शाळेत शिकवते. रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिनं माझ्या डोळ्यासाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितली आणि घरी येऊन मला म्हणाली, "खेळ सोड असं मी म्हणत नाही. फक्त पुढे उभा राहू नकोस." तिला कसं सांगणार, की मला येतं ते तेवढंच? मागून स्मॅश मारणारे ढीगभर असतात. नेटवर हात चालणारे कमी. आमची जोडी म्हणजे मागे तो आणि पुढे मी. जागा बदलल्या तर दोन बरे खेळाडू उरतात, जोडी उरत नाही.

अंथरुणात मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं. 'अंधारानं खेळाडूचा डोळा फोडला. जबाबदार कोण?' खेळायला येणाऱ्या मुलांकडून चौकाचौकात वाटून घेतलं. समितीनं दोन दिवे वाढवले, महिन्याभरात परत काढले.

मी खेळायला लागलो, आणि कळलं की भीती पत्रकं वाचत नाही. मागे बूट वाजले की मानेवर काटा यायचा. खांदे कानांपर्यंत चढायचे. वळायचो नाही पूर्ण, पण हनुवटी हलायची, बोटभर. नेटवरच्या माणसाची हनुवटी बोटभर हलली की समोरून परत आलेलं शटल त्याला उशिरा दिसतं, आणि दुहेरीत उशिरा दिसणं म्हणजे न दिसणंच. खेळाडूंसाठी जाड काचेचा चष्मा मिळतो, तोही घेतला. घामानं त्यावर वाफ धरायची आणि पुढचंही दिसेना. वाफेतून खेळण्यापेक्षा भीतीतून खेळलेलं बरं, म्हणून तो पिशवीत गेला. हे आईला माहीत नव्हतं.

आता पुण्याच्या जोडीविषयी.

राज्यात फिरणाऱ्या जोड्यांत आमचं खरं वैर त्यांच्याशीच. भेटलो तेव्हा तेव्हा त्यांनी आम्हाला हरवलेलं, पण दर वेळी थोडक्यात. त्यातला उंच मागे खेळतो आणि तोंड उघडत नाही. बुटका नेटवर असतो, माझ्या बरोबर समोर, आणि त्याचं तोंड कधी बंद नसतं. पंचाला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात तो बोलतो. ती एक कलाच आहे, आणि तिचा मला संताप येतो. त्यात त्या हंगामात एक बातमी फिरत होती: ही जोडी फुटणार, उंचाला डावखुरा जोडीदार हवाय. एक उजवा आणि एक डावखुरा अशा जोडीला सगळेच टरकतात. डावखुरा कोण, हे कुणी बोलत नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

मी जोडीदाराला विचारलं नाही. मी, जो सभेत आमदारांना उभं राहून प्रश्न विचारतो. उत्तराची भीती वाटली, एवढंच.

सुप्याला एमआयडीसीच्या कडेला एका खासगी शेडमध्ये ती स्पर्धा होती. पत्र्याचं छत, पण दिवे सगळे लागलेले. जिंकणाऱ्या जोडीला देशपातळीवरच्या स्पर्धेत थेट प्रवेश होता. आमच्यासारख्यांना अशी वाट वर्षात एखादीच दिसते. फायनलला आम्ही आणि ते. पहिली पाळी सुटल्यावर कंपन्यांतले कामगार डबे घेऊन तसेच आले होते आणि कडेनं उभे राहून दोन्ही बाजूंना सारखीच नावं ठेवत होते.

दुहेरीत शटल उंच उचलून देणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात काठी देऊन आपली पाठ पुढे करणं. कुणी मुद्दाम देत नाही. त्यांनी पहिल्याच गेमपासून द्यायला सुरुवात केली. उंच, सावकाश, अगदी माझ्या डोक्यावरून मागे. पहिल्यांदा वाटलं चुकलं. तिसऱ्यांदा कळलं. त्यांना माझ्या जोडीदाराचा स्मॅश नको होता. त्यांना माझी मान हवी होती.

"येतंय हं मागून, नेते," बुटका म्हणाला; माझं गावातलं नाव आणि डोळ्याची बातमी दोन्ही त्याच्यापर्यंत पोचली होती. "डोळा सांभाळा."

माझी हनुवटी हलली. पॉइंट गेला. पुन्हा उंच शटल, पुन्हा हनुवटी, पुन्हा पॉइंट. पहिला गेम आम्ही हरलो.

दुसऱ्या गेममध्ये मला वेगळंच दिसायला लागलं. उंच शटल मिळत होतं आणि माझा जोडीदार मारत नव्हता. हळूच नेटजवळ टाकत होता, उलट उंच फेकत होता. मारलंच तर कडेला, रेषेबाहेर. ज्याच्या स्मॅशनं आम्ही इथवर आलो, तो हात राखून खेळत होता. एका कामगारानं मोठ्यानं विचारलं, "काय रं, डबा खाल्ला न्हाईस का?" सगळे हसले. तो गेम कसाबसा आम्ही घेतला, निव्वळ त्या उंचानं ऐनवेळी दोन सर्व्हिस नेटमध्ये घातल्या म्हणून.

गेम संपल्यावर दोन घोट पाण्यापुरती उसंत असते. मी टॉवेलमध्ये तोंड घातलं. मनात एकच चाललं होतं: याचं ठरलंय. हा आता त्यांचा आहे. आणि मी नेटवर एकटा.

"पुण्याचं ठरलंय ना तुझं?" मी विचारलं. "मग सरळ सांग. हात का राखतोयस?"

तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "ठरलं न्हाई. विचारलं हुतं त्यांनी. मी काय बोललो न्हाई."

"मग मारत का नाहीस?"

त्यानं नाडी परत सोडली, परत बांधली.

"तू पत्रकात ल्हिलंस, अंधारानं डोळा फोडला. अंधारानं न्हाई फोडला. म्या फोडला. माझ्या आईनं ते पत्रक घरात जपून ठिवलंय, तुझं नाव छापलंय म्हणून. मी घरी गेलो की ते मला दिसतंय." मग थांबून म्हणाला, "उडी मारली की मला तुझं डोस्कंच दिसतं, गड्या. कोर्ट दिसतच न्हाई."

इतके दिवस मी समजत होतो की त्या कोर्टावर घाबरलेला माणूस एकच आहे.

पंच बोलवायला लागला. समजावायला वेळ नव्हता, आणि समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. मी म्हणालो, "मार. मी वळत नाही."

"वळलास तर?"

"तर अंधारानं फोडला असं परत लिहीन."

तो हसला नाही. म्हणाला, "तू वळतोस कशापायी? मी कुटं हाय ते कळत न्हाई म्हणून ना? मग मी बोलतो. हाय म्हणलं की समज, मी हाय, मारतोय."

तिसरा गेम सुरू झाला. उंच शटल आलं. बुटका माझ्याकडे बघून मान हलवत होता. मागे बूट वाजले, मग ते वाजायचे थांबले, म्हणजे तो हवेत होता. मानेवरचे केस उभे राहिले. "हाय," आवाज आला, डाव्या खांद्याच्या मागून, अगदी सावकाश, जेवायला बोलावल्यासारखा. शटल उजव्या कानाजवळून गेलं आणि बुटक्याच्या पायाशी आदळलं.

मी वळलो नव्हतो. लोक सांगतात, एकदा धैर्य आलं की भीती जाते. सांगणाऱ्यांनी नेटवर उभं राहून बघावं. प्रत्येक 'हाय'ला खांदे चढायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता. पण आवाज आला की निदान एवढं कळायचं की मागे माणूस आहे, अंधार नाही.

बुटक्यानं पंचाकडे तक्रार केली की हे ओरडतात, लक्ष विचलित होतं. पंच म्हणाला, जोडीदारानं जोडीदाराशी बोलायला हरकत नाही, आणि तुम्ही कुणाशी बोलताय ते मी मघापासून बघतोय. त्यावर कामगारांनी शिट्ट्या मारल्या.

शेवटाला बरोबरी झाली, आणि मग आमचा एक पॉइंट वर. जिंकायला आणखी एकच हवा होता. तो पॉइंट लांबला. उचल, स्मॅश, उचल, स्मॅश. त्यांनी सगळं परत आणलं. दर वेळी मागून 'हाय' येत होतं, दर वेळी जरा आणखी फाटलेलं. मग उंचानं शटल असं उचललं की ते पत्र्याला लागतंय की काय. मी खाली वाकून उभा राहिलो. मागे बूट वाजले. थांबले.

आवाज आला नाही.

ती शांतता मी कधी विसरेन असं वाटत नाही. तो पडला? हवेत आहे? डावीकडे की बरोबर माझ्या मागे? धुरकट डाग डोळ्याच्या कोपऱ्यात थरथरला. मान आपोआप फिरायला निघाली होती, ती मी दात आवळून धरली, आणि नजर कुठेतरी खिळवायची म्हणून बुटक्याच्या तोंडावर खिळवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून वर बघत होता, आणि त्याचे डोळे मोठे झाले होते. मागे काय चाललंय ते मला तिथे दिसलं.

शटल कानाच्या पाळीजवळून, केसभर अंतरानं गेलं. बुटक्यानं रॅकेट लावली, शटल नेटवर लोंबकळत माझ्याकडे आलं, आणि मी ते खाली दाबलं.

जिंकलो. माझा हात कानावर होता, लागलेलं काही नव्हतं. जोडीदार गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता. जवळ गेल्यावर कानावरचा हात बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. बोलला का नाहीस, असं मी विचारलं. "दमच न्हाई ऱ्हायला बोलायला," म्हणाला. पुण्याचा तो उंच येऊन आम्हा दोघांशी हात मिळवून गेला. माझ्या जोडीदाराचा हात त्यानं जरा जास्त वेळ धरला. ते मी बघितलं.

आता देशपातळीवरची स्पर्धा समोर आहे. तिथले हॉल केवढे असतात ते आम्ही मोबाईलवर बघतो. लोक ढोल घेऊन येतात, प्रत्येक स्मॅशला बसल्या जागी ओरडतात. तिथे एका माणसाचं 'हाय' कुणाला ऐकू येणार? पहिल्याच फेरीत कुणाशी गाठ पडेल माहीत नाही, पण पुण्याच्या जोडीनं सुप्यात जे शोधून काढलं ते एव्हाना सगळ्यांना कळलेलं असणार.

त्यामुळे आम्ही सराव करतो. त्याच हॉलमध्ये, त्याच निम्म्या दिव्यांत. उरलेल्या दिव्यांसाठी माझं नवं पत्रक छापून तयार आहे, आणि या वेळी त्यात डोळ्याचा उल्लेख नाही. मी नेटजवळ उभा राहतो. समोरून मुलं शटल उंच उचलून देतात. मागे बूट वाजतात, थांबतात. आणि तो काही बोलत नाही. आता बोलू नकोस, असं मीच त्याला सांगितलंय. मानेवर काटा येतो. मी समोर बघत राहतो.