टाकीखालची बुडबुड

संताजीरावांचा डावा डोळा काचेचा होता, आणि तो कसा गेला याच्या तीन गोष्टी आमच्या कारखान्यात फिरत होत्या. तिन्ही त्यांनीच सोडलेल्या. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात तलवारीची मिळे: दसऱ्याला घरातली जुनी तलवार घासताना पातं उसळलं. माणूस जरा मुरला की घोड्याची. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते, हे खरं. पण तो घोडा दोनशे वर्षं दम धरून नेमका यांच्याच डोळ्यावर लाथ झाडायला आला, हे जरा जास्तच होतं. तिसरी गोष्ट बिबट्याची. ती फक्त बाहेरच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली.

मी एकदा विचारलंच, "मामा, म्हणजे बिबट्या घोड्यावर बसून तलवार घेऊन आला होता का?"

"सुयशा, तुझ्या तोंडाला झाकण बसवायला पाहिजे कणो," ते कानडी 'रे' लावून म्हणाले. "जतच्या शाळेत एवढंच शिकवलं काय?"

जतच्या शाळेत बरंच शिकवलं होतं. फरशी पुसायची यंत्रं मात्र शिकवली नव्हती. ती मी म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, विजयसरांच्या कारखान्यात शिकलो. सर नाशिकहून इकडे येऊन वीस वर्षं झाली. आमचं यंत्र साधं: पुढं दोन गोल ब्रश, मागं घाण पाणी ओढून घेणारी रबरी पट्टी, चांगल्या पाण्याची एक टाकी, घाण पाण्याची दुसरी, आणि तिच्याखाली बॅटऱ्या. आकृत्या मी काढायचो. यंत्र जुळवायचे संताजीराव. वय एकसष्ट, आणि यंत्र पास करायची त्यांची पद्धत अशी की चपला काढायच्या आणि यंत्रामागून अनवाणी चालायचं. मी मीटर लावून ओल मोजायचो. ते तळव्यानं मोजायचे आणि मीटर चुकलाय म्हणून सांगायचे. मीटर दोनदा खरंच चुकलेला निघाला, तेव्हापासून मी गप्प.

भांडण झालं ते जूनमध्ये, नव्या यंत्रावरून.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचा वायू सुटतो. हलका असतो, वर जातो, आणि ठिणगी मिळाली तर फुटतो. म्हणून नियम असा की चार्जिंगच्या वेळी वरची टाकी उचलून उघडी ठेवायची. पण दिवसभराच्या घाण पाण्यानं भरलेली टाकी संध्याकाळी उचलतंय कोण? लोक तशीच पिन खुपसतात आणि घरी जातात. संताजीरावांचं म्हणणं होतं की एक छोटा स्विच बसवा. टाकी उचलल्याशिवाय चार्जर चालूच होता कामा नये.

"आणि मग रोज सकाळी फोन येणार, की मशीन चार्ज झालं नाही," विजयसर म्हणाले. "संताजीराव, लोकांना सोपं हवं असतं."

मी मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढण्यात मी पटाईत आहे. बॅटरीच्या पेटीला मागच्या बाजूला सहा लांबट भोकं ठेवली, खालच्या अंगाला, म्हणजे वरून पाणी शिरणार नाही आणि दिसायलाही छान.

संताजीरावांनी आकृतीवर बोट ठेवलं. "वायू जातो वर. तुझी भोकं खाली. तो काय जिना उतरून येणार?"

"पुरेल मामा, एवढी हवा पुरते."

"पुरेल म्हणजे? मोजलंस?"

मोजलं नव्हतं. सरांनी हसत विचारलं, "तुम्हाला एवढी धास्ती कसली बसलीय, ते तरी सांगा."

संताजीरावांचा हात डाव्या डोळ्याकडं गेला. तोंड उघडलं. मग मिटलं. "धास्ती कसली? आम्ही शिपायांची औलाद," एवढं बोलून ते त्यांच्या टेबलाकडं निघून गेले. आकृतीवर माझी सही झाली, सरांची झाली. त्यांनी केली नाही.

त्या आकृतीची दोन यंत्रं बनली. एक कारखान्यात राहिलं, दुसरं चाचणीसाठी बन्नूरच्या एका मंगल कार्यालयात गेलं. तिथं साफसफाईचं काम रम्या बघायची. तिशीची, हजरजबाबी, यंत्र बघून पहिल्यांदा म्हणाली होती, "हे रेडकू मी सांभाळायचं?" पंधरा दिवसांत तिनं त्याला नाव ठेवलं, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. यंत्र शिकायला ती कारखान्यात आली होती, तेव्हा परत जाताना संताजीरावांनी तिला बाजूला घेऊन एक गोष्ट शिकवली होती. चांगल्या पाण्याच्या टाकीला मागं एक पारदर्शक नळी असते, पाणी किती उरलं ते दिसायला. ती खुंटीवरून काढून खाली सोडली की टाकीतलं सगळं पाणी वाहून येतं. "ही नळी लक्षात ठेव," ते म्हणाले. मला वाटलं, टाकी रिकामी करण्यासाठी.

मग दसरा आला.

आमच्याकडं आयुधपूजा संताजीरावच करतात. त्यांच्या घरात तलवारीचा मान, तोच मान ते ड्रिलला, लेथला, पान्यालाही देतात. आणि त्यांचा एक नियम आहे: नवमीला एकदा आयुधावर फूल पडलं की दशमीच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ते विसावलेलं असतं. मागच्या वर्षी सरांनी पूजेतला पाना उचलला, तर म्हाताऱ्यानं तो त्यांच्या हातातून काढून परत हळदीवर ठेवला.

आता अडचण अशी, की दशमीला सकाळी एका हॉस्पिटलच्या लोकांना आमचं यंत्र चालवून दाखवायचं होतं. आणि बन्नूरला, जिथं रम्याही हाच नियम पाळणार होती, दशमीलाच साखरपुडा. फुलं पडली की चार्जिंग लावता येणार नाही. म्हणून मी शहाणपणा केला. अष्टमीला दुपारी रम्याला फोन करून सांगितलं, "उद्या फुलं वाहायच्या आधीच पिन लावून ठेव, म्हणजे परवापर्यंत हात लावायला नको." आणि नवमीला सकाळी सातला इथल्या यंत्रालाही मीच पिन लावली. बॅटरी आधीच निम्म्याहून जास्त भरलेली होती.

आठ वाजता अंबुबाई आल्या, संताजीरावांच्या बायको. मोठ्या पातेल्यात लिंबाचा चित्रान्न-भात, पिशवीत झेंडूच्या माळा. यंत्राभोवती फिरून त्यांनी विचारलं, "ही मागं भोकं कसली रे? कुणी दात पाडल्यासारखी दिसतात." आणि दोन जाड माळा घेऊन सहाच्या सहा भोकं झाकून टाकली. चार्जरवरचा लाल दिवाही त्यात गेला. मी म्हटलं, "वा काकू, आता कसं नवरीसारखं दिसतंय!"

हे मी म्हटलं. मला शब्दन् शब्द आठवतो.

अकराला सगळे जमलो. लेथ झाला, ड्रिल झालं, वेल्डिंगचं मशीन झालं. शेवटी नवं यंत्र. संताजीराव दरवर्षी यंत्राच्या पोटात, बॅटरीलाच कुंकू लावतात. जीव तिथं असतो म्हणतात. डाव्या हातात पेटत्या कापराची थाळी, उजवा हात टाकीच्या कडेवर. चार्जरची वायर त्यांच्या डावीकडं होती, काचेच्या डोळ्याच्या बाजूला.

टाकी उचलायला त्यांनी जोर लावला आणि थांबले.

हात तसाच टाकीवर. जसे ते तळव्यानं ओल ओळखतात, तसं काहीतरी तळहाताला कळलं होतं. त्यांनी मान खाली केली. घंटी वाजत होती, ती त्यांनी नजरेनंच थांबवली. मग मलाही ऐकू आलं. टाकीखाली बारीक बुडबुड चालली होती, मंद आचेवर पेज शिजावी तशी.

ते मागं सरकले नाहीत. थाळी छातीशी घेतली, यंत्राकडं पाठ केली आणि उजव्या हाताचा तळवा जळत्या कापरावर दाबला. कातडी भाजल्याचा वास आला. ज्योत गेली तरी तळवा दाबलेलाच.

"अय्यो, काय केलंत हो! आरती विझवली?" अंबुबाई किंचाळल्या.

"पिन काढ," ते मला म्हणाले.

"मामा, पण फुलं..."

"पिन काढ!"

फुलं पडलेल्या यंत्राला मी हात लावला, त्यांच्या सांगण्यावरून. भिंतीवरची पिन ओढली. दारं उघडली. सगळे बाहेर आले. विजयसरांच्या पत्नी वल्लरीताई कुंकवाची वाटी हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. वर्षाच्या पूजेत आरती विझली, याचा अर्थ काय लावावा ते त्यांना कळेना. मला अर्थ कळत होता.

संताजीरावांनी माझ्याकडं एकाच डोळ्यानं बघितलं. "बन्नूरचं?"

माझा हात फोनकडं गेला. त्यांना कळलं.

"फोन लाव."

रम्यानं दुसऱ्या रिंगला उचलला. मागं घंटा, सनई, बायकांचा गलका. आणि मी, ज्याला आपल्या नव्या कानडीचा फार अभिमान, मी सवयीनं पहिल्यांदा काय बोललो असेन? "ऊट आयता?" जेवण झालं का. इथं सगळे तसंच बोलायला सुरुवात करतात.

"कसलं जेवण सर, आरतीची थाळी हातात आहे. पाच मिनिटांत करते," ती हसली, आणि फोन कट.

परत लावला. वाजत राहिला. परत लावला. संताजीराव माझ्यासमोर उभे, भाजलेला हात हवेत धरलेला, ओठ हलत होते. ते रिंग मोजत असावेत. तिसऱ्या वेळी कुणीतरी उचलला. कार्यालयाचे मॅनेजर मानाजीराव. आधी काही कळेना, मागं नुसती आरडाओरड.

"फुटलं हो! घाण पाण्याची टाकी उडाली! रम्याच्या तोंडावर बॅटरीचं ॲसिड उडालंय, डोळा धरून बसलीय, गाडी काढतोय आम्ही, म्हैसूरला आणतो..."

संताजीरावांनी फोन हिसकावला.

"गाडी नंतर! पाणी! पहिल्यांदा पाणी!" ते कानडीत ओरडत होते. "यंत्राची मागची नळी, खुंटीवरची. काढा. डोळ्यावर सोडा. पापणी बोटानं उघडी धरा. ओरडू दे तिला. सगळी टाकी संपेपर्यंत सोडायचं नाही. आणि मानाजीराव, हळद कुणी आणली तर हात मोडा त्याचा!"

पाव तास त्यांनी फोन सोडला नाही. "अजून," म्हणायचे. "अजून." आम्ही अंगणात उभे. शेजारच्या कारखान्यात पूजेचा कोहळा फुटला, तर सगळे दचकले.

मग ते पायरीवर बसले. अंबुबाई त्यांच्या तळव्याला पाणी लावत होत्या. सर म्हणाले, "संताजीराव, हे सगळं तुम्हाला..."

"बॅटरीचं दुकान होतं," ते म्हणाले. "बन्नूर रोडला. मी चोवीसचा. आयुधपूजा. कापूर माझ्याच हातात. पाणी कुणी घातलं नाही, हळद भरली आणि बसनं नेलं." त्यांनी तळवा अंबुबाईंच्या हातातून सोडवून घेतला. "तलवार चांगली वाटते ऐकायला. शिपायाच्या घरातला माणूस, डोळा गेला कशानं, तर बॅटरीनं. कुणाला सांगायचं? जूनमध्ये तोंडापर्यंत आलं होतं."

जूनमध्ये सांगितलं असतं तर आम्ही स्विच बसवला असता का, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. बसवला असता, असं उत्तर यायला हवं. दर वेळी येतंच असं नाही.

आठव्या दिवशी हॉस्पिटलात रम्याची पट्टी निघणार होती. मी आणि संताजीराव गेलो. माझ्या पिशवीत नवी आकृती होती, स्विचची. का नेली होती कुणास ठाऊक, तिला ती बघायला डोळा हवा ना. कॉटच्या कडेला मी माफी मागायला सुरुवात केली. कानडीतली माफी मी पाठ करून गेलो होतो.

"राहू दे सर," ती म्हणाली. "आता पहिल्यांदा विचारा, जेवण झालं का."

मग संताजीरावांकडं वळून म्हणाली, "अज्जा, तुमचा कशानं गेला?"

"तलवार..." त्यांनी सुरू केलं. तिच्या पट्टीकडं बघितलं. "बॅटरी," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. डोळा लालभडक, पापणीची कड पांढरी पडलेली. चांगल्या डोळ्यावर हात ठेवून समोर बघ म्हणाल्या. रम्यानं बघितलं. संताजीरावांचा बांधलेला हात कॉटच्या दांडीवर होता.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"धुकं."

"धुक्यात काही आहे?"

"एक म्हातारा आहे." तिनं डोळा बारीक केला. "नाही, दोन आहेत. दोघांचाही एकच डोळा."

मी हसलो, मोठ्यानं. एकटाच. बाई टॉर्च लावून पुन्हा पुन्हा बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, डोळा राहील; पूर्वीसारखा नाही, पण राहील. वेळेवर पाणी पडलं म्हणून.

संताजीरावांनी मान हलवली. पिशवीतून माझी आकृती ओढून घेतली, तिच्या कॉटवर पसरली, आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, खाली सही केली.