आज काय शिकवलं?

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या कॉलेजने मला इंजिनियर झाल्या झाल्या ट्रेनिंगसाठी बहरीनला पाठवलं. आम्ही राहायचो त्या झिंज भागातून अस्कर गावाकडच्या कारखान्यात आम्हा ट्रेनींना नेणाऱ्या व्हॅनचा बहरीनी ड्रायव्हर चक्क मराठी बोलायचा. आमच्या लोकांत राहून शिकला असेल, असं मी धरून चाललो. तिशीचा, शर्टाला कडक इस्त्री. गेटवर आम्हाला उतरवलं की कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत थांबायचा. संध्याकाळी आरशातून ठरलेला प्रश्न यायचा, "आज काय शिकवलं?" मला तो भोचकपणा वाटायचा.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काही नाही हो. दिवसभर नुसतं बसवून ठेवलं."

"पण आत बसवलं ना?" त्याने विचारलं. मग हसला. "मीपण पुण्यातूनच इंजिनियर झालो. इथे परत आल्यापासून याच कारखान्यात अर्ज करतोय. इंशाल्ला, होईल कधीतरी."

मला पुढे आरशात बघवेना. दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. संध्याकाळी प्रश्न आलाच. मान खाली घालून मी भट्टीपासून सगळं सांगत गेलो. झिंज जवळ आलं, तरी माझं सांगून संपलं नव्हतं, तशी त्याने व्हॅन हळू केली.