जाफरभाईंची वाजणारी उशी

कुरखेड्याच्या जाफर टेलरचा हात असा चालायचा की गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत पायजाम्याची कड दुमडून तयार. पण ही मोबाइलच्या आधीची गोष्ट. दोन हजार सात साली जाफरभाईंनी मोबाइल घेतला आणि हात कसला, अहो, सगळा माणूसच हातचा गेला!

अक्कल त्यांनीच लढवली होती. गिऱ्हाइकानं एक रिंग देऊन फोन कापायचा, म्हणजे ‘कपडे झाले का?’ जाफरभाईंनी उलट एक रिंग दिली तर ‘झाले’, दोन दिल्या तर ‘नाई झाले’. बोलायचं कामच नाही, सारं फुकट! मग काय विचारता? ज्याचे कपडे शिवायला होते तो रिंग द्यायचाच, ज्याचे नव्हते तोही सहज देऊन बघायचा. मशीन थांबवा, रिंगा मोजा, नंबर बघा, उलट रिंग द्या, परत बसा आणि शिवण कुठवर आली होती ते शोधा. या मोजामोजीत एकदा मुखरूभाऊंच्या पायजाम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. मुखरूभाऊंनी तो दुकानातच चढवला आणि धाडकन आपटले.

"जाफरभाई, मले चालाचं हाये, पोत्यात उड्या नाई माराच्या!"

सगळे हसले. हसली नाही ती रूही, जाफरभाईंची एकुलती लेक. पाच दिवसांवर तिचा निकाह होता आणि शराऱ्याचे नुसते कापलेले तुकडे मशीनवर पडले होते. लग्नात अब्बांच्या हातचाच शरारा घालीन, हे तिनं लहानपणापासून सांगून ठेवलेलं. आता ती हळूच म्हणाली, "अब्बा, राहू द्या. नागपूरहून रेडिमेड मागवून घेऊ." जाफरभाईंना ते भलतंच लागलं. पण तेवढ्यात फोन वाजला आणि या बाबानं रिंगा मोजल्या!

हे सगळं त्यांची बायको खैरुन बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाफरभाई मशीनवर बसले, रिंग वाजली आणि ते टुणकन उडाले. आवाज बुडाखालून येत होता. खैरुननं फोन त्यांच्या बसायच्या उशीत घालून तोंड शिवून टाकलं होतं. जाफरभाईंनी कात्री उचलली.

"उसवता का?" खैरुन दारातून म्हणाली. "माझ्या हातची शिवण हाये."

कात्री थांबली. दुसऱ्याच्या हातची शिवण त्याला विचारल्याशिवाय उसवायची नाही, हा त्यांच्या वडिलांनी दुकानाला घालून दिलेला नियम. तीस वर्षांत जाफरभाईंनी तो मोडला नव्हता आणि ही बया ते चांगलं जाणून होती.

"मंग विचारतो. उसवू का?"

"शरारा झाला की मंग."

पहिला दिवस बघवत नव्हता. रिंग वाजली की जाफरभाई अर्धे उठायचे, बोटांवर मोजायचे, कपाळ बडवून परत बसायचे. दुसऱ्या दिवशी मोजायचं विसरले. तिसऱ्या दिवशी मशीन अशी सुसाट सुटली की तिच्या आवाजात रिंगा ऐकूच येईनात. गिऱ्हाइकं आपल्या पायांनी दुकानात येऊ लागली आणि विचारायला आलेली कपडे घेऊनच परतू लागली. चौथ्या दिवशी शरारा तयार! रूहीनं अंगणात अशी गिरकी घेतली की कोंबड्या सैरावैरा पळाल्या. जाफरभाई हसता हसता रडले, अगदी उघड उघड रडले.

रूही नांदायला एटापल्लीला गेली. तेव्हापासून खैरुन रोज सकाळी फोन उशीत शिवायची आणि दिवस मावळल्यावर मगरीबची नमाज झाली की उसवायची. ती वेळ फक्त लेकीची. तिकडच्या बूथवरून एक रिंग आली तर ‘मी मजेत हाये’, दोन आल्या तर ‘आठवण येऊन राह्यली’, असं बाप-लेकीचं ठरलं होतं.

पहिल्या संध्याकाळी खैरुननं टाके उसवले आणि दोघं फोन मधे ठेवून बसले. एक रिंग वाजली. जाफरभाई खूश. लगेच दुसरी वाजली आणि त्यांना काही राहवेना. बटण दाबून ओरडले, "बोल बेटा! अब्बा मोकळाच हाये!"

पलीकडं रूही आधी दचकली, मग खळखळून हसली. "अब्बा! मिसकॉल उचलते का कोणी?"