पारडं वर गेलं तेव्हा

काल गादी उन्हात टाकली आणि ओल्या कापसाचा तो कुबट वास आला, तशी मी म्हातारी थेट अमरावतीच्या पेठेत जाऊन पोचले. विलायतेतून आमच्या कापसाला एकाएकी मागणी आली होती, तेव्हाची गोष्ट.

माय एका आडत्याकडून कापूस घरी आणून हातरेच्यावर, हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर, त्यातली सरकी काढायची. त्या दिवशी परत दिलेली रुई आणि सरकी मिळून वजन नेलेल्या कापसापेक्षा कमी भरलं. आडत्या म्हणाला, "बाई, ओटी झाड. कापूस चोरला तू."

विकताना कापूस जड भरावा म्हणून तोच त्यावर पाणी शिंपडायचा. सारी पेठ ते जाणत होती, पण बोलत कोणी नव्हतं.

माय ओटीला हात न लावता म्हणाली, "झडती मंग घ्या शेटजी. आधी तराजू उन्हात आना."

तिने त्याच्याच ढिगातला कापूस मोकळा करून पारड्यात पसरला, वजनाशी बरोबर केला आणि दहा हात लांब जाऊन बसली. चैताचं ऊन होतं. हमाल जमले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं.

माझा मास्तर मुलगा आता सांगतो, पाणी तापलं की त्याचे रेणू एकेक सुटून हवेत जातात, दिसत नाहीत. मायला रेणू ठाऊक नव्हते. वाळत घातलेलं लुगडं ठाऊक होतं.

कापसाचं पारडं हळूहळू वर चढलं. माय उठली.

"घ्या आता झडती," ती म्हणाली. "पयले त्या उन्हाची, मंग माही."