कुत्रीच्या गुडघ्याची वाटी

मोहाचं तेल तापवलं, की मंगरूळपीरच्या आमच्या अंगणातली ती संध्याकाळ अजूनही डोळ्यांपुढे येते. आमची कुत्री कापसाच्या बैलबंडीवरून उडी मारताना पडली आणि मागचा एक पाय पोटाशी घेऊन लंगडू लागली. गुडघ्याची वाटी जागची सरकली होती. "लंगडं कुत्रं कायले पोसाचं? नेऊन सोडा रानात," काका म्हणाले, आणि मी तिच्या गळ्यात पडून रडत बसले. माझं रडणं ऐकून शेजारची पिंजारीण खाला आली. शेळ्यांचे पाय ती नेहमी बसवायची; पण कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागे, म्हणून आमची कुत्री दिसली की ती ओढणी सावरून लांबून जाई. त्या दिवशी मात्र ती सरळ मातीत बसली. "मुंडकं धर पोरी, लेकराले लय दुखून राह्यलं," म्हणाली, आणि कोमट तेलाच्या हातानं पाय मागे ताणून तिनं अंगठ्यानं वाटी हळूच जागेवर सारली. कुत्री कळवळली, मग चारही पायांवर उभी राहिली आणि खालाचे हात कोपरापर्यंत चाटू लागली. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. "आता हात धुतल्याबिगर माही नमाज कशी होईन!" खाला हसत म्हणाली. तिच्यासाठी कोनाड्यात वेगळा पेला ठेवणारी माझी आई आत गेली आणि आमचा पिण्याच्या पाण्याचा गडवा भरून तिनं खालाच्या हातात दिला. तो गडवा आता माझ्याकडे आहे. दारी कुणीही येवो, मी त्यातूनच पाणी देते.